‘कमांडो’ : आज्ञा, टोळी, माणूस

मराठीत ‘एक कमांडो’ असे सहज म्हणता येते. ‘दोन कमांडो जखमी झाले’, ‘कमांडोंनी इमारतीचा ताबा घेतला’ अशी वाक्ये वृत्तपत्रांत नित्य आढळतात आणि त्यांत कोणालाही काही वावगे वाटत नाही. शब्द पुल्लिंगी आहे. अनेकवचनात तो बदलत नाही. व्याकरणाने त्याला ‘शिपाई’, ‘सैनिक’, ‘जवान’ यांच्या ओळीत बसविले आहे, आणि या ओळीतला सर्वांत कसलेला, सर्वांत अबोल, सर्वांत भीतिदायक पुरुष म्हणून मराठी भाषक त्याला ओळखतो. परंतु इसवी सन १९०० मध्ये ट्रान्सव्हालमधील एखाद्या बोअर शेतकऱ्याने ‘एक कमांडो’ हे शब्द ऐकले असते, तर त्याच्या डोळ्यांपुढे माणूस आला नसता. आपल्या जिल्ह्यातले घोड्यावर बसलेले काही शे लोक आले असते. त्याच्याही पणजोबाला एखादी घटना आठवली असती : अमुक साली, अमुक डोंगरापलीकडे काढलेली स्वारी. आणि त्याही मागे, लिस्बनहून निघालेल्या गलबतावरील पोर्तुगीज अधिकाऱ्याला या शब्दातून केवळ एक अमूर्त गोष्ट समजली असती, ती म्हणजे हुकमत. अधिकार, घटना, समूह आणि अखेरीस एक देह, असा हा प्रवास आहे. सामान्यतः शब्दांचा अर्थविकास मूर्ताकडून अमूर्ताकडे होतो असे मानण्याकडे भाषाभ्यासकांचा कल असतो. या शब्दाने उलटी वाट धरली. ती वाट चालताना त्याने काय काय मागे टाकले, हा येथील प्रश्न आहे.

व्युत्पत्ती फारशी वादग्रस्त नाही. लॅटिनमधील ‘मान्दारे’ हे क्रियापद ‘हात’ आणि ‘देणे’ या दोन घटकांचे बनलेले आहे, असे सामान्यतः मानले जाते. हाती देणे, हवाली करणे, सोपविणे हा त्याचा मूळ भाव. त्याला उपसर्ग लागून पुढे रोमान्स भाषांत आज्ञार्थक शब्दांचे एक मोठे कुटुंब निर्माण झाले आणि त्यातला पोर्तुगीज ‘कोमान्दो’ डच वसाहतवाल्यांच्या बोलीत शिरून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला स्थायिक झाला. येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. त्याच टोकाला वळसा घालून पोर्तुगीज गलबते गोव्याला येत होती आणि त्यांच्यासोबत आलेले कितीतरी शब्द मराठीने तत्काळ आपलेसे केले : चावी, पगार, बटाटा, आणि लष्करी-नाविक परिभाषेतला कप्तान. कप्तान थेट समुद्रमार्गे आला. त्याचा सख्खा शेजारी असलेला ‘कोमान्दो’ मात्र केपला उतरला, डचांचा झाला, बोअरांचा झाला, त्यांच्या शत्रूने तो उचलला, आणि मग इंग्रजी वृत्तपत्रांतून, विसाव्या शतकात, मराठीत पोहोचला. एकाच घरातून निघालेले दोन शब्द सुमारे चारशे वर्षांच्या अंतराने एका दारात उभे राहिले, आणि ते नातेवाईक आहेत हे दाराला कळले नाही.

भारतीय काव्यशास्त्राला या अर्थांतराची रीत नवी नाही. ‘भाले आत शिरत आहेत’ असे कोणी म्हटले की भाले धरलेली माणसे शिरत आहेत असे समजावे, हे मम्मटाचे लक्षणेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. शस्त्राच्या नावाने शस्त्रधारी ओळखला जातो. मुख्यार्थ बाधित होतो आणि संबंधाच्या बळावर दुसरा अर्थ उभा राहतो. ‘कमांडो’मध्येही हेच घडले, फक्त एकदा नव्हे तर तीनदा. आज्ञेवरून आज्ञेने निघालेली स्वारी, स्वारीवरून स्वारीला निघालेली टोळी, टोळीवरून टोळीतला एक. प्रत्येक वेळी आधीची लक्षणा रूढ होऊन मुख्यार्थाच्या जागी बसली आणि तिच्या खांद्यावर पुढची चढली. रूढ लक्षणेचे मम्मटाने दिलेले उदाहरण ‘कुशल’ हे आहे : मुळात दर्भ तोडणारा, आता कोणत्याही कामात निपुण. तेथे दर्भ विसरला गेला म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. लक्षणेची चर्चा करणाऱ्या शास्त्रकारांनी विस्मृत मुख्यार्थाकडे एक निरुपद्रवी गोष्ट म्हणून पाहिले, आणि त्यांच्या उदाहरणांपुरते ते योग्यही होते. दर्भाच्या जागी माणसे असतील तर काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता.

केप वसाहतीत तो आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या त्या ठाण्याभोवतीचे गोरे पशुपालक अठराव्या शतकाच्या आरंभापासून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकू लागले. पाण्याचे झरे आणि शिकारीची माळराने ज्यांची होती त्या सान लोकांनी, म्हणजे ज्यांना वसाहतवाले ‘बुशमन’ म्हणत त्यांनी, गुरे पळवून आणि मारून प्रतिकार केला. कंपनीचे सैन्य अपुरे होते. तेव्हा नागरिकांनीच शस्त्रे घेऊन एकत्र यावे, कंपनीने त्यांना दारूगोळा द्यावा आणि त्यांच्या म्होरक्याला अधिकार सोपवावा, अशी व्यवस्था रूढ झाली. १७१५ सालापासून निव्वळ नागरिक स्वयंसेवकांच्या अशा स्वाऱ्या सुरू झाल्याचे इतिहासकार सांगतात. हाती सोपविलेला तो अधिकार म्हणजे ‘कोमान्दो’. आणि त्या अधिकाराने केलेली मोहीमही तीच. १७७४ मध्ये कंपनीने सबंध उत्तर सरहद्दीवर एक ‘सर्वसाधारण कमांडो’ काढला. त्याच्या अधिकृत अहवालातच पाचशेहून अधिक सान मारले गेल्याची आणि दोनशेहून अधिक पकडले गेल्याची नोंद आहे. पकडलेल्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने असत आणि ती स्वारीतल्या शेतकऱ्यांत कामासाठी वाटली जात. या स्वाऱ्यांत खोइखोई लोकांनाही, बहुधा सक्तीने, सामील करून घेतले जाई; माग काढण्यात ते तरबेज होते, आणि पुढे तेच असत.

निवडक शूरांचे हे पथक नव्हे. छावणीवर पहाटे चालून जाणारे हे शेजारी होते. शब्दाच्या पहिल्या दीडशे वर्षांतला आशय हा असा आहे, आणि तो बहुतेक शब्दकोशांत ‘दक्षिण आफ्रिकेतील नागरी सैन्यदल’ एवढ्या पाच-सहा शब्दांत आटोपतो. कोशकाराचा तो दोष नाही. कोशाला नोंदी लागतात, आणि नोंदी स्वारी करणाऱ्यांनी केल्या. ज्यांच्यावर स्वारी झाली त्यांची बाजू जवळजवळ एकाच ठिकाणी काहीशी ऐकू येते : १८७० च्या दशकात केप टाउनमध्ये विल्हेल्म ब्लीक आणि लूसी लॉइड यांनी काही सान माणसांना, ज्यांपैकी बहुतेक तुरुंगातून आणलेले कैदी होते, घरी ठेवून घेऊन त्यांच्या तोंडून त्यांच्या भाषेत हजारो पाने लिहून घेतली. त्या भाषेचे नाव देवनागरीत धड लिहिता येत नाही. ‘खाम’ असे लिहावे, तर त्याआधीचा जिभेचा चटकारा निसटतो. ती आज बोलली जात नाही. २००० साली दक्षिण आफ्रिकेने नवे राजचिन्ह स्वीकारले तेव्हा त्यावरचे बोधवाक्य याच मृत भाषेत कोरले. स्वारी झालेल्यांची भाषा एका बोधवाक्यात उरली, आणि स्वारीचा शब्द जगातल्या बहुतेक भाषांत रुळला. भाषांच्या आयुर्मर्यादेचा विचार करणाऱ्याने या दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था बोअर प्रजासत्ताकांची सैन्यरचनाच बनली. जिल्ह्याला एक कमांडो. सोळा ते साठ वयाचा प्रत्येक नागरिक बोलावणे आल्यावर स्वतःचा घोडा, स्वतःची बंदूक आणि काही दिवसांची शिदोरी घेऊन हजर होण्यास बांधलेला. मराठी वाचकाला येथे शिलेदार आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि तुलना फार ओढून-ताणून केलेली ठरणार नाही. गणवेश नाही, कवायत नाही. अधिकारी मतदानाने निवडलेले; पटले नाहीत तर बदलता येणारे. युद्धमंडळात मते घेतली जात, आणि हल्ला करावा असे ठरले तरी कितीजण डोंगर चढतील याची खात्री नसे. आज्ञेच्या नावाने ओळखले जाणारे हे सैन्य आज्ञा पाळण्याबद्दल मुळीच प्रसिद्ध नव्हते, ही शब्देतिहासातली एक उत्तम विसंगती आहे.

हे सारे ज्या पुस्तकातून इंग्रजी वाचकाला कळले त्याचे नावच ‘कमांडो’ आहे. डेनिस राइट्झ हा त्याचा लेखक. त्याचे वडील एके काळी ऑरेंज फ्री स्टेटचे अध्यक्ष आणि युद्धकाळात ट्रान्सव्हालचे राज्यसचिव होते. १८९९ मध्ये सतरा वर्षांचा राइट्झ बंदूक घेऊन निघाला आणि १९०२ च्या तहापर्यंत लढला. तहानंतर ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन मादागास्करला गेला, तेथे बैलगाड्या हाकून पोट भरू लागला, हिवतापाने बेजार झाला आणि त्याच अवस्थेत १९०३ मध्ये त्याने या आठवणी लिहून काढल्या. पुस्तक मात्र १९२९ मध्ये निघाले. तोपर्यंत लेखक मायदेशी परतून, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बाजूने फ्रान्समध्ये एका स्कॉटिश पलटणीचे नेतृत्व करून, मंत्री झालेला होता. युद्धवाङ्मयात या पुस्तकाचे स्थान वेगळे आहे ते त्यात शौर्याची वर्णने आहेत म्हणून नव्हे. निवेदक मुलगा आहे, त्याला द्वेष जमत नाही, आणि ‘कमांडो’ हा शब्द तो सदैव गावाच्या नावासह वापरतो : प्रिटोरियाचा कमांडो, अमक्या जिल्ह्याचा कमांडो. पथक म्हणजे गाव. पथक फुटले की माणसे घरी निघून जातात.

२४ जानेवारी १९०० रोजी नाताळमधील स्पिऑन कॉप या टेकडीवर जी लढाई झाली तीत राइट्झ वर चढणाऱ्यांत होता. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला चर्चिल होता. नोव्हेंबर १८९९ मध्ये चिलखती आगगाडीवरील छाप्यात बोअरांनी त्याला पकडले होते आणि तो प्रिटोरियाच्या कैदेतून पळून आलेला होता. त्याच लढाईतल्या जखमींना डोल्यांवर वाहून नेणाऱ्या, सुमारे अकराशे हिंदी लोकांच्या शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते, आणि त्या पथकात मोठी संख्या गिरमिट्यांची होती. या योगायोगाचे कौतुक इतक्या वेळा झाले आहे की त्यावर आणखी काही लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. येथे एवढेच महत्त्वाचे की या युद्धाने ‘कमांडो’ हा शब्द इंग्रजी वाचकाच्या रोजच्या वृत्तपत्रात आणला. आणि तो शत्रूचा शब्द म्हणून आणला.

जून १९०० मध्ये प्रिटोरिया पडले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे लहान लहान टोळ्यांनी ब्रिटिश फौजेला हैराण केले. किचनरने उत्तर दिले ते शेते जाळून, हजारो चौक्या व काटेरी तारांनी देश चौकटींत विभागून आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडून. त्या छावण्यांत सुमारे २८ हजार बोअर मेले, त्यांत बहुसंख्य मुले. आणि वेगळ्या छावण्यांत १४ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय, ज्यांची मोजदाद नीट ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. सप्टेंबर १९०१ मध्ये स्मट्‌सच्या अडीचशेहून कमी स्वारांसोबत राइट्झ केप वसाहतीत घुसला. चिंध्या झालेल्या या स्वारांनी एका चकमकीत पराभूत केलेल्या लॅन्सर तुकडीचे कपडे अंगावर चढविले. ब्रिटिश गणवेशात सापडणाऱ्या बोअराला गोळी घालण्याचा हुकूम निघालेला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांतले काही पकडले गेले आणि भिंतीपुढे उभे केले गेले. कपड्यावरून मरण ठरविणारा हा हुकूम ध्यानात ठेवावा. त्याचा संबंध पुढे येतो.

१९४० च्या जूनमध्ये डंकर्कहून परतलेल्या ब्रिटिश सैन्याजवळ तोफा उरल्या नव्हत्या. लष्करप्रमुख सर जॉन डिल यांचा सहायक अधिकारी डडली क्लार्क याने अशा स्थितीत काय करता येईल याचे एक टिपण तयार केले : लहान पथके, रात्रीच्या होड्या, समुद्रकिनाऱ्यावर छापा, पहाटेपूर्वी परत. क्लार्कचा जन्म १८९९ मध्ये जोहान्सबर्गला झालेला होता, आणि टिपणाला त्याने नाव दिले ते बोअरांच्या पथकांचे. पंतप्रधान चर्चिलने कल्पना उचलून धरली. त्याने स्वतः सुचविलेल्या नावांत ‘बिबटे’ही होते. ते टिकले असते तर मराठी वृत्तपत्रांना किती सोपे गेले असते, असा विचार मनात येतो. युद्धखात्याला ‘कमांडो’ हे नाव मुळीच पसंत नव्हते. त्याने ‘स्पेशल सर्व्हिस’ असा शिष्टसंमत पर्याय काढला. परंतु त्याची आद्याक्षरे ‘एस. एस.’ अशी होत, आणि ती हिटलरच्या कुप्रसिद्ध दलाशी जुळत. चार वर्षे दोन्ही नावांची रस्सीखेच चालली आणि १९४४ च्या अखेरीस ब्रिगेडांना अधिकृतपणे ‘कमांडो’ म्हणण्यात आले. पराभवातून सावरू पाहणाऱ्या साम्राज्याने चाळीस वर्षांपूर्वी आपल्याला छळणाऱ्या शत्रूचे नाव अंगावर घेतले. राइट्झच्या सोबत्यांनी चढविला होता तसाच हाही जिंकलेल्याचा कपडा.

या ब्रिटिश अवतारातही आरंभी ‘कमांडो’ म्हणजे पथकच होते. सुमारे पाचशे माणसांच्या दलाला एक क्रमांक : दोन नंबरचा कमांडो, चार नंबरचा कमांडो. त्यातल्या माणसाला ‘कमांडो सैनिक’ म्हणत. मग १९४१ मधील लोफोटेन बेटांवरील छापा, मार्च १९४२ मध्ये सेंट नाझेअरच्या गोदीवरील छापा अशा बातम्या येऊ लागल्या. त्या छाप्यात स्फोटकांनी भरलेले जहाज गोदीच्या दरवाजावर आदळविण्यात आले, आणि गेलेल्या सुमारे सहाशे जणांपैकी १६९ परत आलेच नाहीत. वृत्तपत्रांना नायक हवा होता. पथकाला चेहरा नसतो. ‘सैनिक’ हा शब्द गळाला आणि उरलेले विशेषणच नाम होऊन बसले. शब्दाचे एकवचन झाले ते छापखान्यात. पुढे चित्रपुस्तिकांनी आणि चित्रपटांनी त्याला दंड, छाती आणि तोंडाला फासलेले काजळ दिले. त्या साहित्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. त्यात एकटा माणूस सारे काही करतो, आणि त्याला कोणी पाठविले हे पहिल्या पाचव्या मिनिटानंतर प्रेक्षक विसरतो.

जर्मन भाषेत मात्र हा शब्द केव्हाचाच होता. तेथे ‘कोमांडो’ म्हणजे नेमून दिलेल्या कामावरची तुकडी. पाणी भरणारीही आणि माणसे मारणारीही. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने जो गुप्त हुकूम काढला, त्यात शत्रूच्या ‘तथाकथित’ कमांडो छाप्यांत सापडणारा प्रत्येक जण, गणवेशात असो वा नसो, शस्त्र धरलेला असो वा शरण आलेला, ठार करावा असे होते. ‘तथाकथित’ या शब्दाची जागा पाहण्यासारखी आहे. परभाषेने आपला शब्द आपल्याविरुद्ध वापरावा याचा रोष त्यात दिसतो. त्याच काळात, ब्रिटिशांच्या दहा नंबरच्या आंतरराष्ट्रीय कमांडोत एक तुकडी मुख्यतः जर्मनी-ऑस्ट्रियातून निसटलेल्या ज्यू तरुणांची होती. पकडले गेल्यास मूळ ओळखू येऊ नये म्हणून त्यांना इंग्रजी नावे देण्यात आली. आणि त्याच काळात बिर्केनाऊच्या भट्ट्यांवर आपल्याच लोकांची प्रेते वाहण्यासाठी ज्या ज्यू कैद्यांना जुंपले होते, त्यांच्या गटाचे नाव होते ‘सोंडरकोमांडो’, म्हणजे विशेष तुकडी. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी त्यांनी उठाव करून एक भट्टी निकामी केली. त्यानंतर त्यांतले शेकडो मारले गेले. एकाच वर्षी, एकाच जमातीच्या माणसांना, एकाच शब्दाची ही दोन रूपे लाभली. शब्दाचा अर्थ संदर्भावर अवलंबून असतो हे विधान सिद्धान्तचर्चेत वारंवार केले जाते आणि फार स्वस्तात केले जाते. येथे संदर्भ म्हणजे शब्द कोणाच्या हातात आहे, एवढाच आहे.

हिटलरच्या त्या हुकमाचा एक न्यायनिवाडाही झाला. मार्च १९४४ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर रेल्वेचा बोगदा उडविण्यासाठी उतरलेले १५ अमेरिकी सैनिक गणवेशात पकडले गेले, आणि जनरल आंटोन डोस्टलर याच्या आज्ञेने त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९४५ च्या ऑक्टोबरात रोममध्ये त्याच्यावर खटला चालला. वरून आलेला हुकूम मी फक्त खाली दिला, हा त्याचा बचाव होता. तो अमान्य झाला आणि १ डिसेंबर १९४५ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. लॅटिनमधला ‘हाती देणे’ हा अर्थ बावीस-तेवीस शतकांनंतर पुन्हा न्यायालयात उभा राहिला, असेच म्हणावे लागते. आज्ञा एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा ती पहिल्या हातातून सुटते काय? ‘कमांडो’ या शब्दाने आज्ञेचा अर्थ टाकून देहाचा अर्थ धरला, त्याबरोबर हा प्रश्न विचारण्याची सोयही त्याच्या उच्चारातून गेली. आजचा कमांडो आज्ञेने चालतो असे वाटतच नाही. तो स्वयंप्रेरित, स्वयंपूर्ण भासतो. त्याच्या मागे कोणी सही केलेली असेल ही कल्पना त्याच्या प्रतिमेला मारक आहे. बोअरांची विसंगती येथे उलटी झाली आहे : ते आज्ञा न पाळणारे असून त्यांचे नाव आज्ञेचे होते, हा संपूर्णपणे आज्ञेचा असून त्याचे नाव त्याला एकटा दाखविते.

शत्रूच्या तोंडातला शब्द उचलणे मराठीला परके नाही. ‘गनीम’ हा अरबीतून फारसीत आलेला शब्द मोगल बखरनवीस मराठ्यांसाठी वापरीत. त्याच्या मुळाशी लुटीची कल्पना आहे. मराठीने तो ‘शत्रू’ या अर्थाने घेतला, आणि तरीही स्वतःच्याच युद्धपद्धतीला ‘गनिमी कावा’ हे नाव अभिमानाने लावले. ‘कावा’ म्हणजे घोड्याला गोल फिरविणे, वळसा, हूल. शब्दशः पाहता शत्रूची हूल, व्यवहारात आपली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाएस्तेखानावर घातलेल्या छाप्याचे वर्णन करताना आजचा लेखक ‘शिवाजीमहाराजांचे कमांडो’ असे सर्रास लिहितो. हा कालविपर्यास खटकावा; परंतु त्यामागची वृत्ती ‘गनिमी कावा’ म्हणणाऱ्याचीच आहे. आपल्या पराक्रमाचे नाव दुसऱ्याच्या भाषेत ऐकण्याची हौस जुनी आहे.

उलट दिशेचा अनुभव मात्र मराठी कोशांनी नोंदविला नाही. ‘बारगीर’ हा मराठी लष्करी दप्तरातला साधा, जवळजवळ कारकुनी शब्द : ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो स्वार. शिलेदारापेक्षा एक पायरी खाली. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून मारले. स्वाऱ्या १७५१ च्या तहापर्यंत होत राहिल्या. गंगाराम या कवीने त्या स्वाऱ्यांचे जे वर्णन ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्यात केले आहे, ते मराठी वाचकाला सुखावह नाही. बारगीराचे तेथे ‘बर्गी’ झाले. कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला, त्याचे नाव मराठ्यांवरून पडले. आणि मुलांना निजविण्याच्या बंगाली गाण्यात बर्गी येऊन बसला, तो आजतागायत उठलेला नाही. दप्तरातला शब्द पाळण्यावर गेला. सान मातांनी मुलांना काय सांगून गप्प केले असेल, हे ब्लीकच्या वह्या फारसे सांगत नाहीत. बंगाली पाळणा मात्र त्या दिशेने थोडासा झरोका उघडतो. ‘गनिमी कावा’वर मराठीत ग्रंथ आहेत. ‘बर्गी’वर मराठीत त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले, आणि ही उणीव इतिहासकारांची जितकी आहे तितकीच समीक्षकांचीही आहे, कारण पाळणा हा वाङ्मयप्रकार आहे.

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘कमांडो’ला आजचा अर्थ इंग्रजीतही प्राप्त झालेला नव्हता. भारतीय लष्करात तो अधिकृतपणे आला १९६५ च्या युद्धातील मेघदूत दलाच्या अनुभवानंतर. १९६६ मध्ये नववी पॅरा कमांडो बटालियन उभी राहिली, पाठोपाठ दहावी; १९७१ च्या डिसेंबरात या दहाव्या बटालियनने वाळवंटातून सिंधमधील चाचरोपर्यंत धडक मारली. पुढे लष्कराने या पलटणींच्या नावातून ‘कमांडो’ काढून ‘स्पेशल फोर्सेस’ हा शब्द घातला. युद्धखात्याची १९४० मधली आवड अशी उशिरा फळाला आली. पण लोकभाषेने दुरुस्ती स्वीकारली नाही. १९८४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दल स्थापन झाले, तेव्हा काळ्या गणवेशावरून ‘ब्लॅक कॅट कमांडो’ हे नाव जनतेनेच रूढ केले. मराठी प्रशासनाने ‘शीघ्र कृती दल’, ‘जलद प्रतिसाद पथक’ असे पर्याय घडविले. ते सर्व समूहाचे आहेत. त्यातल्या एकट्या माणसाला काय म्हणावे याचे उत्तर परिभाषा समितीकडे नाही, आणि म्हणून त्या रिकाम्या जागी ‘कमांडो’ बसला.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील नरीमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारी माणसे सबंध देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. ‘कमांडो उतरत आहेत’ हे वाक्य त्या सकाळी किती वेळा उच्चारले गेले असेल! वाक्याला कर्ता होता, क्रियापद होते. त्यांना पाठविण्याचा निर्णय केव्हा आणि कोणी घेतला, विमान मिळण्यास इतके तास का लागले, हे प्रश्न नंतर चौकशीत आले. त्या वाक्यात त्यांना जागा नव्हती. आणि आदल्याच्या आदल्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी रायफलची नळी पकडून धरणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना हा शब्द कोणी लावला नाही. ते पोलीस होते. शब्दाची वर्गव्यवस्था अशी काटेकोर असते.

महाराष्ट्रात हा शब्द आज सर्वाधिक वापरला जातो तो गडचिरोलीच्या संदर्भात. १९९० मध्ये तेथील पोलिसांनी नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी स्थानिक तरुणांचे एक पथक उभारले. जंगलाच्या वाटा जाणणारे, गोंडी-माडिया बोलणारे. समोरच्या बाजूचेही अनेक जण त्याच गावांतले, त्याच बोलीतले. पथकात आरंभी साठ जण होते, म्हणून त्याचे नाव ‘सी-६०’. बातमीत मात्र ‘सी-६० कमांडो’ असे लिहिले जाते आणि ते एका माणसाचे नाव म्हणून वाचले जाते. पथकाची संख्या केव्हाच साठाच्या कितीतरी पुढे गेली. नावातला आकडा तेवढाच राहिला.